गुरुत्वाचा बदनाम तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. तराजू म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दोन पारडी आली असतील. मला पारडी नाहीत. माझ्यात कधी कोणी कांदे मोजले नाहीत आणि सोनंही नाही. केसाहून बारीक तारेला टांगलेली वीतभर लांबीची आडवी दांडी, दांडीच्या दोन टोकांना बोराएवढे दोन गोळे आणि मधोमध नखाएवढा आरसा, एवढाच माझा देह. एक वस्तू दुसऱ्या वस्तूला किती ओढते, हे मोजण्यासाठी मला बनवलं.

या ओढीलाच गुरुत्व म्हणतात. पृथ्वी तुम्हाला ओढते हे तुम्हाला ठाऊक आहे. जिन्यावरून घसरलात की ते जरा जास्तच पटतं. पण तुमचं दप्तरही तुमच्या पाण्याच्या बाटलीला ओढत असतं आणि बाटली दप्तराला. ती ओढ इतकी थोडी असते की कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या लक्षात येते. माझ्या डाव्या-उजव्या अंगाला शिशाचे दोन मोठे गोळे ठेवले होते. त्यांच्या ओढीनं माझी दांडी किंचित वळायची, तारेला पीळ पडायचा, आरशावर पडलेला प्रकाशाचा ठिपका सरकायचा आणि तो किती सरकला यावरून गुरुत्वाचा आकडा निघायचा.

मला ज्यांनी घडवलं त्यांना सगळे तारमामा म्हणत. स्फटिक वितळवून त्याची तार ओढायची, हे त्यांचं काम. माझ्यासाठी त्यांनी एकशे चाळीस तारा ओढल्या आणि त्या सगळ्या तुटल्या. एकशे एकेचाळिसावी टिकली, तेव्हा ते अर्धा तास तिच्याकडे नुसते बघत बसले. तिला हात लावायचं धाडस त्यांना होईना.

मी होतो तो तळमजल्याच्याही खालच्या खोलीत. जाड भिंती, एकही खिडकी नाही, उन्हाळा-हिवाळा सारखाच गारवा. माझ्याजवळ यायची कोणालाच परवानगी नव्हती. माणसाच्या देहालाही वजन असतं आणि त्या वजनानं मी वळतो, म्हणून ही बंदी. माझा प्रकाशाचा ठिपका भिंतीतल्या एका फटीतून शेजारच्या खोलीत जायचा आणि तिथे सरकत्या कागदावर रेघ उमटवायचा. फटीतून माझा प्रकाश पलीकडे जायचा आणि पलीकडचं बोलणं माझ्याकडे यायचं. पुढे जे सांगणार आहे, ते त्या फटीतून ऐकलेलं आहे.

हा सगळा पसारा बाईंनी मांडला होता. बाई पदार्थविज्ञान शिकवत. त्यांचं एक मत होतं आणि त्या मतापायी त्यांनी खूप हसू सोसलं. पुस्तकांत गुरुत्वाचा आकडा एकच असतो. तो कालही तोच होता आणि उद्याही तोच असणार, असं सगळे मानत. बाई म्हणत, तो आकडा वर्षागणिक थोडाथोडा वाढतो आहे.

"उद्याचा आकडा उद्या मोजल्याशिवाय तुम्हाला कसा कळला?" असं त्या विचारत.

त्यांच्या बरोबरीची माणसं म्हणत, "बाईंचं एक बरं आहे. वजन वाढलं की गुरुत्वावर ढकलायची सोय झाली." सभांमध्ये बाईंचं भाषण नेहमी जेवणानंतर ठेवत, निम्मी माणसं पेंगत असताना. बाई तरीही वेळेआधी पाच मिनिटं हजर असत.

पहिलं वर्षभर शिस्त कडक होती. दर महिन्याला मामांनी तेवढ्यापुरतं आत येऊन शिशाचे मोठे गोळे उचलून माझ्या दुसऱ्या अंगाला ठेवायचे आणि दोन्ही जागांच्या आकड्यांतला फरक घ्यायचा. असं केलं की खोलीतली किंवा खोलीबाहेरची दुसरी कोणतीही ओढ आपोआप वजा होते आणि उरते ती फक्त शिशाची. पण गोळे हलवले की मी हेलकावे खायचो. स्थिर व्हायला मला नऊ दिवस लागत.

वर्ष संपताना बाई म्हणाल्या, "मामा, आता गोळे एकाच जागी राहू द्या. आपल्याला वाढच बघायची आहे ना? मग हलवायचं कशाला?"

"हलवलं की जरा खात्री असते, बाई."

"खात्री असते आणि महिन्यातले नऊ दिवस जातात. मामा, माझ्याकडे दिवस किती आहेत?"

मामांनी हात टेकले. गोळे जागच्या जागी राहिले, ते पुढची सोळा वर्षं.

दर सोमवारी मामा शेजारच्या खोलीत येत. आठवड्याच्या रेघांचं भेंडोळं उतरवत, त्याला दोरा बांधत, वर तारीख लिहीत आणि भिंतीलगतच्या लोखंडी मांडणीवर ठेवून देत. एक भेंडोळं तीन किलोंचं. वर्षाची बावन्न. मांडणी भरली की शेजारी दुसरी यायची. मित्रांनो, त्या मांडण्या माझ्या अगदी पाठीशी होत्या. मधे फक्त भिंत होती आणि भिंत गुरुत्वाला अडवत नाही. शिसं मला ज्या बाजूला ओढत होतं, त्याच बाजूला तो कागदही मला ओढत होता. पहिल्या वर्षी अगदी थोडा. मग जरा जास्त. मग आणखी जास्त. माणसांना माझ्याजवळ यायची बंदी होती, पण कागदावर बंदी घालायचं कोणाला सुचणार?

मी वळत गेलो. जेवढी ओढ, तेवढाच वळलो. तसूभरही कमी नाही, जास्त नाही. माझं काम तेवढंच होतं. ओढ कशाची आहे, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

बाईंच्या कागदावरचा आकडा वाढत गेला. त्यांना हवा होता, तसाच.

बाईंना एक लेक होती. मला टांगलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. शाळा सुटली की ती शेजारच्या खोलीत येऊन अभ्यास करायची. बाई तिला बारके म्हणून हाक मारत. भूगोलाचं पुस्तक उघडं ठेवून ती मामांना विचारायची, "मामा, तो आतला काय करतो दिवसभर?" मामा म्हणायचे, "तुझ्यासारखाच आहे. एका जागी बसून वळवळतो." ती खुदकन हसायची, आईच्या आधी पेन्सिल उचलून रेघेवरचा आकडा वाचायची आणि बहुतेक वेळा बरोबर वाचायची.

ती मोठी झाली, शिकली आणि अंतराळयानांचे मार्ग आखणाऱ्या कचेरीत लागली. माझ्या अकराव्या वर्षी त्या कचेरीनं एक यान सोडलं. शेवटच्या ग्रहापलीकडे बर्फाचा एक अंधारा गोळा आहे. त्याच्या जवळून जायचं, त्याची चित्रं काढायची आणि पाठवायची, एवढं त्याचं काम. बारकी त्याला यान म्हणत नसे. 'धाकटं' म्हणायची, घरात पाठचं भावंड असावं तसं.

बाराव्या वर्षी बाईंचा निबंध छापून आला. मग वर्तमानपत्रं आली, फोटो काढणारे आले. शेजारच्या खोलीत उभे राहून ते फटीतून मला बघत आणि कुजबुजत. हसणारे आता बाईंना सभेत सकाळची वेळ देऊ लागले. तारमामांनी नवा सदरा शिवला. तो माझा मानाचा काळ होता. मला त्याचं सुख वाटायला हवं होतं. वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण पाठीमागचा कागद वाढतच होता.

सतराव्या वर्षी, एका दुपारी बारकी आली. तिनं पिशवी खाली ठेवली नाही, बसलीही नाही.

"आई, धाकटं मागं पडतंय."

"किती?"

"थोडंच. पण रोज. असायला हवं त्याच्या जरा मागे. सूर्य त्याला जास्त ओढतोय असं वाटतं. तुझ्या सूत्रातून जेवढं येतं, जवळजवळ तेवढंच."

बाईंनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"आमच्याकडचे बहुतेक म्हणतात, हे गुरुत्व-बिरुत्व काही नाही," बारकी सांगू लागली. "यानाच्या पोटातली उष्णता पुढच्या अंगानं बाहेर पडते आणि तीच त्याला मागे रेटते. तसं असेल तर यान थंड होईल तसा हा रेटा कमी होत जाईल."

"आणि माझं खरं असेल तर वाढत जाईल."

"हो. इंधन एकाच वळणापुरतं आहे, आई. आणि वळण आत्ताच द्यायला हवं, नंतर पुरणार नाही. कमी होणार धरलं तर एक दिशा, वाढणार धरलं तर दुसरी. सांग ना. आईवर विश्वास ठेवू की कचेरीवर?"

"आईवर अजिबात ठेवू नकोस. आई सतरा वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागलेली बाई आहे. यंत्रावर ठेव. त्याला कोणाची बाजू घ्यायची नसते."

"ठेव गं, ठेव," मामा म्हणाले. "तुझ्या आईपेक्षा ते शहाणं आहे. उलट बोलत नाही."

तिघंही हसली. त्या खोलीतलं ते शेवटचं हसू. बारकीनं तीन दिवस कचेरीत वाद घातला. माझ्या सतरा वर्षांच्या आकड्यांपुढे शेवटी सगळे नमले. यान वळवलं. होतं नव्हतं ते इंधन त्यात संपलं.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात शेजारच्या खोलीतला पाण्याचा पाइप फुटला. भेंडोळी भिजू नयेत म्हणून चार माणसं लावून ती सगळी वरच्या मजल्यावर हलवली. दोन दिवस वाहतूक चालू होती. मला आतून कळत होतं. एकेक भेंडोळं गेलं तसा माझा पीळ सुटत गेला. ओझं हळूहळू उतरल्यामुळे या वेळी हेलकावे न खाता तिसऱ्या दिवशी मी पहिल्या वर्षाच्या जागी येऊन थांबलो.

मामांनी रेघ पाहिली आणि धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं.

"तार गेली?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"तार शाबूत आहे. दोनदा बघितली."

"मग ठिपका इथे कसा?"

बाईंच्या चपलांचा आवाज खोलीभर फिरला आणि भिंतीपाशी थांबला.

"मामा, इथली भेंडोळी कुठे आहेत?"

"वर नेली ना. पाइप फुटला होता. चौघांची कंबरडी मोडली, बाई. अडीच टनांच्या वर असतील."

"किती?"

"अडीच टन..." मामा म्हणाले आणि त्यांनी बाईंपुढे कोरा कागद सरकवला.

मग फक्त पेन्सिलीचा आवाज येत राहिला. भिंतीची जाडी, मांडणीचं अंतर, दर वर्षीचं वजन. दहा मिनिटांचं गणित होतं. उत्तर माझ्या आकड्यांशी जुळलं, प्रत्येक वर्षाचं, शेवटच्या अंकापर्यंत.

"बाई," मामा हळूच म्हणाले, "मोजलं मात्र बरोबर होतं हो आपण."

"हो मामा. आपलेच कागद मोजले."

बाईंनी लगेच तिथूनच लेकीला फोन लावला. काही लपवलं नाही, आवाज चढवला नाही. काय झालं ते ओळीनं सांगितलं, एखादी बातमी सांगावी तसं. पलीकडे बारकी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "नाही गं बाळ. परत वळवायला काहीच उरलेलं नाही, हे मला माहीत आहे."

यानाला बर्फाच्या गोळ्यापाशी पोहोचायला आणखी आठ महिने होते. मित्रांनो, एखादी वाईट गोष्ट अचानक घडते, ती सोसता येते. पण ती घडणार आहे हे ठाऊक असताना आठ महिने रोज सकाळी कामावर यायचं, हे बाईंनी केलं आणि मी ते फटीतून ऐकत होतो. धाकटं मात्र बिचारं इमानानं जात होतं. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी त्यानं डोळे उघडले आणि ज्या दिशेला सांगितलं होतं त्या दिशेची चित्रं काढली. चौसष्ट चित्रं आली. चौसष्टही काळी. गोळा दुसऱ्या अंगाला राहून गेला होता, फार लांब. यान पुढे निघून गेलं. त्याला थांबता येत नव्हतं.

मग चौकशी समिती आली. समिती यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, बारकी आली. या वेळी ती बसली.

"आई, अहवालात दोनच शब्द हवेत. यंत्रात बिघाड."

"बिघाड नव्हता."

"ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे, मामांना माहीत आहे. बस्स, तेवढं पुरे."

"बारके, मी आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही."

"आकडा नकोच लिहूस. त्या यंत्राला काय फरक पडतो, सांग ना. त्याला ना घर ना दार. माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. आईच्या शब्दावर हिनं यान वळवलं, शेजारची खोलीसुद्धा कोणी बघितली नाही, असं एकदा लिहिलं गेलं की दुसरं यान कधीच होणार नाही. मला तर दारातही उभं करणार नाहीत."

"आईच्या शब्दावर नाही. यंत्रावर ठेव म्हटलं होतं मी."

"तेच तर म्हणतेय! मग यंत्रावरच जाऊ दे ना."

मामा काहीतरी बोलायला गेले. बाईंनी त्यांना थांबवलं.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष शेजारच्या खोलीत टेबलाशी बसले. भला माणूस होता. त्यांनी मजकूर वाचून दाखवला, "'तारेतील दोषामुळे आकडे चुकीचे आले.' असंच ना, बाई?" मग पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

मी रागावलो का? नाही. मी काही फार शहाणा नाही, पण ओढ म्हणजे काय ते मला कळतं. लेकीची ओढ मोजणारा तराजू अजून कोणी केलेला नाही. शिवाय त्या सहीनं खरंच कोणाचं वाटोळं झालं नाही, असं तेव्हा वाटलं. दुसरं यान झालं. बारकीनंच त्याचा मार्ग आखला आणि तो बर्फाचा गोळा सगळ्या जगानं पाहिला. त्याची चित्रं आली त्या दिवशी मामा खाली आले, मला ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि डोळे पुसत वर गेले.

बाई मात्र सहीनंतर पुन्हा त्या खोलीत आल्या नाहीत. त्यांनी आपला सिद्धांत मागे घेतला, शिकवणं सोडलं. मामा तारेतल्या दोषाचा ठपका स्वतःच्या माथी घेऊन निवृत्त झाले. ज्या माणसानं एकशे चाळीस तारा तोडल्या आणि एकशे एकेचाळिसावी सतरा वर्षं टिकवली, त्याला सगळे जण शेवटी सदोष तार ओढणारा म्हणूनच ओळखू लागले. त्याबद्दल मात्र मला राग आहे.

मला वर आणलं. आता मी इमारतीच्या लांब ओसरीत, काचेच्या पेटीत असतो. दांडी हलू नये म्हणून चिकटपट्टीनं बांधली आहे. खाली पितळी पाटी आहे: 'सदोष तराजू. याच्यातील बिघाडामुळे एक चुकीचा सिद्धांत मांडला गेला व एक यान वाया गेले.' सहलीला आलेली मुलं काचेला नाक लावून हसतात. त्यांच्यापैकी एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "बघ, याच्यापेक्षा तुझं घड्याळ बरं." तोंड असतं तर मलाही हसू आलं असतं.

बाई वारल्याचं मला दोन रखवालदारांच्या बोलण्यातून कळलं. मामाही गेले, बहिणीच्या घरी. खरं ठाऊक असलेल्या तिघांपैकी आता एक बारकी उरली आहे आणि ती या ओसरीतून कधी जात नाही. आईची सही ती कशी मोडणार?

हे सगळं मी कोणाला सांगितलं नसतं. पण गेल्या महिन्यात एक पाहुणा आला. उंच, चष्मेवाला, खिशात मोजायची टेप ठेवणारा. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत काम करतो. माझ्यासमोर उभा राहून त्यानं पाटी दोनदा वाचली.

"आमच्याकडेही असाच तराजू आहे," तो रखवालदाराला म्हणाला. "सहा वर्षं आकडा वाढतोय. सगळे म्हणतात, पूर्वी एका बाईंचंही असंच झालं होतं, जरा जपून. म्हणून मुद्दाम बघायला आलो."

"मग काय दिसलं?"

"याच्यात बिघाड होता म्हणे. मग प्रश्नच मिटला." त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा चेहरा झाला. "आमचा मी तीनदा तपासून घेतलाय. तारेत एक खोट नाही."

"म्हणजे तुमचं खरं?"

"तसंच म्हणायला हवं आता. पुढचं यान आमच्याच आकड्यावर जाणार आहे." त्यानं माझा फोटो काढला. "आणि या वेळी त्यात माणसं असणार आहेत."

तो हसत गेला. मी काचेत होतो, बांधलेला होतो आणि मला तोंड नव्हतं.

म्हणून मित्रांनो, ही विनंती. माझी पाटी बदला असं मी म्हणत नाही. माझी काच पुसा असंही म्हणत नाही. तो माणूस तुम्हाला कुठे भेटला, तुमच्या गावात, तुमच्या शाळेत भाषण द्यायला आला, तुमच्या एखाद्या काकांचा मित्र निघाला, तर लाजू नका. हात वर करा आणि त्याला एवढंच विचारा: काका, तुमच्या तराजूच्या शेजारच्या खोलीत गेल्या सहा वर्षांत काय काय आणून ठेवलं आहे?